कोर्लई : एका लहान ख्रिस्ती वस्तीची पाच शतकं

२७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यानं फर्मान काढलं. प्रजेनं कोकणी सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागावं, असा हुकूम होता. त्यामागे राज्यसत्ता होती, इन्क्विझिशनचा धाक होता. तरीही गोव्याच्या घराघरांतली कोकणी हटली नाही. हा व्हाइसरॉय मराठी वाचकाला अनोळखी नाही. १६८३ मध्ये फोंड्याच्या किल्ल्यापाशी छत्रपती संभाजी महाराजांनी ज्याला माघार घ्यायला लावली, तोच हा. त्याच वर्षी मराठी फौजांनी उत्तरेला चौलच्या पोर्तुगीज ठाण्यालाही वेढा घातला होता.

त्या चौलच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावात, पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. पोर्तुगीज इथून १७४० साली कायमचे गेले. हुकूम सोडणारा कोणी मागे उरला नाही, त्या भाषेची शाळा उरली नाही, त्या भाषेतून पोट भरण्याची सोयही उरली नाही. उरली ती शेतीवर जगणारी एक लहानशी ख्रिस्ती वस्ती. फर्मानाला गोव्यात जे साधलं नाही, ते या वस्तीत फर्मानावाचून कसं घडलं, हे समजून घ्यायचं तर तिचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथं उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई. मधे खाडीचं मुख आणि त्यावर पहारा देणारा कोर्लईचा डोंगर. पोर्तुगीज त्याला 'मोर्रो' म्हणत. चौल बंदर त्यांच्याही कितीतरी आधीचं. अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं येऊन गेला आणि रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथंच उतरला. १५०८ च्या मार्चमध्ये चौलसमोरच्या पाण्यात मीर हुसेनचं इजिप्शियन आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची जहाजं यांनी पोर्तुगीजांना गाठलं. पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा या लढाईत मारला गेला. तेरा वर्षांनी, १५२१ मध्ये, अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीनं रेवदंड्याला चौलच्या पोर्तुगीज कोटाचं काम सुरू झालं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं त्याला वेढा दिला, पण कोट पडला नाही. समोरचा मोर्रो मात्र निजामशाहीकडे होता आणि तिथून रेवदंड्यावर तोफा डागता येत. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तोही घेतला.

कोटाच्या आत गाव वसलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ आणि चर्च उभे राहिले. रेवदंड्यात आज 'सातखणी' म्हणून दाखवतात तो मनोरा त्या वैभवाचा अवशेष. इथं रेशीम विणलं जाई आणि घोड्यांचा व्यापार चाले. इथल्या शिपायांनी आणि दर्यावर्दींनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, घरात स्थानिक नोकरचाकर ठेवले, अनेकांचा बाप्तिस्मा झाला. अशा घरांतून आणि छावण्यांतून कामचलाऊ पोर्तुगीज बोलली जाऊ लागली. लिस्बनच्या व्याकरणाशी तिला कर्तव्य नव्हतं. पुढच्या पिढीची ती मातृभाषा झाली. भाषाशास्त्रात अशा बोलीला क्रिओल म्हणतात.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर प्रांतातली पोर्तुगीज सत्ता कोसळली. पुढच्या वर्षीच्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. ज्यांच्याकडे पैसा, नातीगोती आणि जहाजावर जागा होती, ते गोव्याकडे गेले. मागे राहिले ते गरीब देशी ख्रिस्ती. ते कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याला एकवटले. मोठे इतिहास इथं संपतात, कारण किल्ला हस्तांतरित झाला की कागदपत्रांना सांगण्यासारखं काही उरत नाही. या वस्तीचा स्वतःचा इतिहास मात्र तिथूनच सुरू होतो.

त्यापुढची दोनशे वर्षं दोन गोष्टींनी ही वस्ती बांधून ठेवली. पहिली म्हणजे रोटीबेटी. भोवतालचा समाज जातींत विभागलेला, आणि धर्म बदललेल्यांना त्यात जागा नाही. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांशी व्यवहार चाले, सोयरीक होत नसे. सोयरीक वस्तीतच होई, त्यामुळे घरातली बोलीही वस्तीतच राही. दुसरी गोष्ट म्हणजे चर्च. कोर्लईचा धर्मग्राम कार्मेल मातेच्या नावाचा. पोर्तुगालची राजवट गेली तरी 'पाद्रोआदो' गेला नव्हता. पूर्वेकडच्या चर्चवरचा तो पोर्तुगीज राजाचा आश्रयाधिकार. रोमच्या 'प्रोपागांदा फिदे' या खात्याशी त्याचा तंटा मुंबई इलाख्यात पिढ्यान् पिढ्या चालला. त्या तंट्याच्या इतिहासात कोर्लईचं नाव शोधून सापडणं कठीण, पण त्याचा परिणाम तिथं रोज ऐकू येत होता. मिस्सा जगभर होती तशी लॅटिनमध्ये, पण धर्मगुरू पोर्तुगीज जाणणारे, आणि प्रवचन-प्रार्थनांची भाषाही पोर्तुगीजच. घरातल्या बोलीला आठवड्यातून एकदा तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज कानी पडे. १९६० च्या दशकापर्यंत हे चाललं.

याच किनाऱ्यावरच्या इतर लहान मंडळींकडे पाहिलं की कोर्लईचं वेगळेपण ठळक होतं. खाडीपलीकडे रेवदंड्यात आणि उत्तरेला अलिबागेत बेने इस्रायलांची सिनेगॉग आहेत. त्या समाजाची परंपरा आपलं मूळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाशी जोडते. त्यांनी शब्बाथ पाळला, सुंता पाळली, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळले, आणि भाषा मात्र संपूर्णपणे मराठी घेतली. वल्हांडणाच्या सणाचं 'हागादा' हे पुस्तक मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापलं गेलं. दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले. ते पहिल्यापासून मराठी शिकले आणि मराठीत शाळा चालवू लागले. घाटावरच्या अँग्लिकन मंडळींचंही तसंच. नाशिकजवळ १८५४ मध्ये वसवलेलं शरणपूर घ्या किंवा पुण्याचं पंचहौद मिशन घ्या, तिथल्या देशी ख्रिस्त्यांच्या हाती पडलेलं प्रार्थनेचं पुस्तक मराठी होतं. फादर नीळकंठ नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारखा चित्पावन शास्त्री त्या पंथाचा धर्मगुरू झाला, पण त्यासाठी त्यांना भाषा टाकावी लागली नाही. प्रॉटेस्टंटांचा सारा भर ग्रंथावर, आणि ग्रंथ वाचकाच्या भाषेत हवा हा आग्रह. कॅथलिकांनाही ही वाट ठाऊक नव्हती असं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच गोव्यात छापलं गेलं. चौलच्या कोटात मात्र भाषेचा निवाडा पाद्र्यांनी केला नाही, तो तिथल्या घरांनीच केला.

म्हणून कोर्लईच्या बोलीला 'पोर्तुगीजांचा अवशेष' म्हणणं अपुरं आहे. बोलणाऱ्यांनी तिला 'नो लिंग', आपली भाषा, हे नाव दिलं आणि खरोखरच ती आपलीशी केली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सखोल अभ्यास केला, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये निघालं. त्यातून दिसतं की शब्द बव्हंशी पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची घडी मराठीकडे वळली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं. कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी जाऊ लागलं, आणि तरुणांच्या बोलण्यात म्हाताऱ्यांपेक्षा अधिक. 'अमक्याचं घर' म्हणताना षष्ठीची खूण मराठीप्रमाणे नावामागून येते. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गट, तर इथं चौथा आहे, उकारान्त, आणि त्यात मराठीतून घेतलेली क्रियापदं बसतात. पाहुण्या शब्दांसाठी या बोलीनं व्याकरणात स्वतंत्र खोली बांधली. मरणपंथाला लागलेली भाषा असं काही करत नाही.

तिच्या बहिणींची गत पाहावी. मुंबई-वसई भागातल्या अशाच बोलीचं वर्णन मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलं. ती बोली पुढे संपली. कोचीजवळच्या वायपीनमधली क्रिओल २०१० मध्ये तिच्या शेवटच्या भाषकाबरोबर गेली. दीव आणि दमणमध्ये अशा बोली अजून आहेत, पण तिथं पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होतं, म्हणजे कोर्लईपेक्षा २२१ वर्षं जास्त.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लोकभाषेत आली. कोर्लईपुरती लोकभाषा म्हणजे मराठी, असं ठरलं. मुंबई महाधर्मप्रांतातल्या या गावासाठी तो निर्णय व्यवहार्य होता. हजाराच्या आसपास लोकांच्या, लिपी नसलेल्या बोलीत कोण मिस्सा भाषांतरित करणार? पण त्यामुळे पोर्तुगीजशी असलेला शेवटचा धागा तुटला. शाळा मराठी. १९८० च्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला आणि रेवदंडा-अलिबाग रोजच्या येण्याजाण्यात आलं. त्या पुलावरून नोकरी आली, कॉलेज आलं, दवाखाना जवळ आला. एकटेपणातून आलेली गरिबी कोणावरही लादू नये, एखादी बोली टिकावी म्हणून तर मुळीच नाही. मात्र आधार आता एकच उरला आहे : आई मुलाशी घरात कोणत्या भाषेत बोलते.

या बोलीबद्दलचं महत्त्वाचं लेखन इंग्रजी आणि पोर्तुगीजमध्ये आहे. मराठी वाचकाला ती बहुधा कोर्लई किल्ल्याच्या सहलवर्णनातल्या एका ओळीत भेटते. वास्तविक तिच्यातलं अर्धं व्याकरण मराठीचं आहे, आणि मराठी वाक्यरचना दुसऱ्या भाषेत कशी मुरते याचा असा नमुना क्वचितच मिळेल. तिचा देवनागरीतला शब्दकोश, म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी आणि लग्नाकार्यातलं बोलणं यांचं ध्वनिमुद्रण, धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचं जतन, ही कामं मराठी विद्यापीठांना आणि भाषासंस्थांना सहज झेपतील अशी आहेत. मुंबईहून कोर्लई अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, आणि ती बोली जाणणारी, मराठीही उत्तम बोलणारी माणसं त्या कामाला गावातच मिळतील.