दारू सोडायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली

एप्रिल २०२१. टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या शेजारी असलेल्या वणीत दारू मिळेना म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले आणि त्यात सात जणांचा जीव गेला. दुकानाला कुलूप लागले म्हणून व्यसन सुटत नाही, हे त्या वेळी लख्ख दिसले.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरूनच चालतो. ती अचानक थांबली की काही तासांतच घाम फुटतो, झोप उडते, हात असे कापतात की बशीतला चहा ओठांपर्यंत पोचत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे काहींना भास होतात, माणूस बरळू लागतो; वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतते. घरचे याला ‘नाटक’ किंवा ‘बाहेरची बाधा’ समजतात.

या टप्प्यावर डॉक्टर झटके टाळणारी, झोप आणणारी औषधे देतात आणि बी-१ जीवनसत्त्व भरून काढतात. त्यानंतर नालट्रेक्सोनसारखी ओढ कमी करणारी गोळी, समुपदेशन आणि कुटुंबाची साथ. भाजीत गुपचूप कालवायचे ‘दारू सोडवायचे औषध’ मात्र घातक ठरू शकते. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

जावे कुठे? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची, तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ मोफत हेल्पलाइन. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेता येतात. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाने उपचाराची शिबिरे थेट गावात नेली. मारेगावसारख्या तालुक्याला हीच वाट सोयीची, कारण मजुरी बुडवून महिनाभर पुण्यात राहणे कितीजणांना जमणार?

२०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. ‘आधी सोडू दे, मग नेऊ’ हा घरातला हिशेब या परिस्थितीला हातभारच लावतो. क्रम उलटा हवा. माणूस पीत असतानाच त्याला ओपीडीत न्यावे, किती पितो ते न लपवता सांगावे आणि सोडायचा दिवस डॉक्टरांसोबत ठरवावा. पुन्हा घसरला, तर मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढल्यावर नेतो तसेच परत न्यावे.