डाव मोडायचा कोणी?

बेंबळीसारख्या गावात विटीदांडूचा डाव अंधार पडला की आपोआप मोडायचा. विटीच दिसेनाशी व्हायची. मोबाइलवरचा डाव मात्र रात्रीही सुरूच राहतो. हा बदल कसा झाला, ते मुंबईच्या 'इंडियागेम्स' कंपनीच्या वाटचालीतून कळते.

अमेरिकेत 'अटारी' १९७२ मध्येच सुरू झाली आणि तिचा 'पाँग' गाजला. भारतात विशाल गोंदल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स स्थापन केली, तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. मोबाइल मात्र झपाट्याने पसरू लागला. कंपनीने मोबाइलसाठी खेळ बनवले. 'स्पायडर-मॅन'वरील खेळाचा परवाना मिळवला, क्रिकेटचे खेळ काढले.

त्या काळी नोकियाच्या अनेक साध्या फोनवर एका खेळाला जेमतेम ६४ केबी जागा मिळे. चित्रे, आवाज, नियम सारे तेवढ्यातच बसवायचे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुधा त्याहून मोठा असतो. साहजिकच खेळ छोटे असत आणि लवकर संपत.

स्मार्टफोन व स्वस्त इंटरनेटमुळे ही मर्यादा गेली. अनेक खेळ फुकट झाले आणि खेळणारा किती वेळ थांबतो, यावर कमाई ठरू लागली. म्हणून रोजची हजेरी, सतत सूचना, अचानक मिळणारे इनाम. इनाम कधी मिळेल हे माहीत नसले, की मेंदूतील डोपामाइनची यंत्रणा अधिक उत्तेजित होते आणि 'आणखी एकदा' वाटत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळाला महत्त्व देणे आणि नुकसान दिसूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकली, तरच निदान होते. म्हणजे खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण झोप, अभ्यास, जेवण बिघडू लागले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इंडियागेम्स २००७ मध्ये यूटीव्हीकडे आणि २०१२ मध्ये डिस्नेकडे गेली. गोंदल यांनी २०१४ मध्ये 'गोकी' सुरू केली. तिचा मनगटी पट्टा पावले मोजतो!

खेळ सुरू करण्यापूर्वीच किती डाव खेळायचे ते मुलांशी बोलून ठरवा. रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा. पूर्वी अंधार जे काम करायचा, ते आता घरानेच करायचे आहे.