वेबसाइटचा पत्ता बदलताय? आधी रिडायरेक्ट समजून घ्या

(या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

आजचा भाग यावलच्या एका श्रोत्यांच्या प्रश्नावर आहे. त्यांच्या घरचं ठिबक आणि केळीच्या रोपांचं दुकान आहे. दुकानाचं नाव बदललं, नव्या नावाचं डोमेन घेतलं, वेबसाइटही नवीन झाली. ते विचारतात, "भाऊ, जुन्या डोमेनचे पैसे भरत राहायचे की सोडून द्यायचं? आणि बिलबुकांवर, कॅलेंडरवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलाय, त्याचं काय?"

थोडक्यात उत्तर असं: जुनं डोमेन सोडू नका, त्यावर रिडायरेक्ट लावा. आता का आणि कसं, ते बघू.

रिडायरेक्ट म्हणजे नेमकं काय होतं?

घर बदललं की आपण जुन्या पोस्टात नवा पत्ता लिहून देतो. मग जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र नव्या घरी येतं. पोस्टातही याला रिडायरेक्शनच म्हणतात.

वेबसाइटचं थोडं वेगळं आहे. इथे सर्व्हर तुमचं पत्र पुढे नेत नाही. तो ब्राउझरला फक्त एक तीन आकडी कोड आणि नवा पत्ता देतो. ब्राउझर मग स्वतःच तिकडे जातो. हे इतक्या पटकन होतं की आपल्याला कळतही नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या पत्त्यावर "इथे नाही, तिकडे जा" हे सांगायला कोणीतरी हजर लागतं. डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, तर सांगणारा राहत नाही, आणि छापलेला प्रत्येक क्यूआर कोड मुका होतो.

कायमचा की तात्पुरता?

मुख्य कोड दोन. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं.

दुकानाचं नाव बदललं, आता जुन्या नावाकडे परत जायचं नाही. इथे ३०१. गूगललाही त्यातून कळतं की शोधणाऱ्यांना आता नवा पत्ता दाखवायचा आहे, आणि जुन्या पानाने कमावलेली पत नव्या पानाकडे जाते.

३०२ कधी? आपल्याकडे केळीची लागवड दोन हंगामांत होते, मृगबाग आणि कांदेबाग. समजा, वेबसाइटवर "रोप बुकिंग" असा एकच पत्ता आहे. जूनमध्ये तो मृगबागेच्या पानावर न्यायचा आणि ऑक्टोबरमध्ये कांदेबागेच्या. इथे ३०२ लावा. ३०१ लावलात तर ब्राउझर ते कायमचं समजून लक्षात ठेवू शकतो. मग ऑक्टोबरमध्ये तुम्ही रिडायरेक्ट बदललात, तरी जूनमध्ये येऊन गेलेल्या शेतकऱ्याचा मोबाईल त्याला मृगबागेच्याच पानावर नेईल. तुम्हाला वाटेल सगळं बरोबर चाललंय, आणि बुकिंग मात्र येत नाही.

यांचेच दोन भाऊ आहेत, ३०८ आणि ३०७. अर्थ तोच, कायमचा आणि तात्पुरता. फक्त फॉर्म भरून पाठवताना मधे रिडायरेक्ट आला, तर भरलेली माहिती ते जशीच्या तशी पुढे नेतात. ३०१ आणि ३०२ मध्ये ती गळू शकते.

सगळ्यांना मुख्यपानावर ढकलू नका

ही फार आढळणारी चूक. शंभर जुनी पानं होती, सगळी नव्या मुख्यपानावर वळवली, झालं काम! पण ज्याने ठिबकच्या फिल्टरचं पान उघडलं, त्याला मुख्यपान देऊन काय उपयोग? गूगलही अशा रिडायरेक्टला बऱ्याचदा "पान सापडलं नाही" असंच धरतं. जुनं फिल्टरचं पान नव्या फिल्टरच्या पानावर न्या. वहीत दोन रकाने करा: जुना पत्ता, नवा पत्ता.

एका पानाची दोन झाली असतील तर? खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असा विभागला गेला. नुसता "खानदेश जिल्हा" शोधणाऱ्याला थेट जळगावला पाठवलं, तर धुळ्याचा माणूस चुकणार. अशा वेळी रिडायरेक्ट न लावता दोन्ही लिंका असलेलं छोटं पान ठेवा. मराठी विकिपीडियावर या दोन्ही सोयी आहेत. एकाच गोष्टीचं दुसरं नाव असेल तर पुनर्निर्देशन, एकाच नावाच्या अनेक गोष्टी असतील तर निःसंदिग्धीकरण.

आणि जे पान खरंच संपलं, त्याच्या जागी काहीच आलं नाही, ते कुठेही वळवू नका. ४०४ म्हणजे सापडत नाही, ४१० म्हणजे कायमचं काढलं. प्रामाणिक "नाही" चुकीच्या पानापेक्षा बरं.

जुनं डोमेन किती दिवस सांभाळायचं?

गूगलचा सल्ला आहे की रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. पण हा हिशेब सर्च इंजिनाचा झाला. बिलबुक, दुकानाची पाटी, ट्रकवर रंगवलेला पत्ता वर्षभरात संपत नाही. सोडलेलं डोमेन कोणीही घेऊ शकतं. मग तुमच्याच कॅलेंडरवरचा कोड गिऱ्हाईकाला जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या पानावर नेऊ शकतो. जुन्या डोमेनवर ईमेल असेल, तर तुमच्या नावाने येणारी पत्रंही नव्या मालकाच्या हातात पडू शकतात. त्यापुढे वर्षाची फी किरकोळ आहे.

दुसऱ्याच्या छोट्या लिंकवर किंवा क्यूआर सेवेवर विसंबतानाही हाच विचार करा. गूगलने आपल्या छोट्या लिंकांच्या सेवेत २०१९ मध्ये नव्या लिंका बनवणं थांबवलं. २०२४ मध्ये जाहीर केलं की जुन्या लिंकाही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील. शेवटच्या महिन्यात त्यांनी वापरातल्या लिंका चालू ठेवायचं ठरवलं, पण तो निर्णय त्यांच्या हातात होता, लिंक छापणाऱ्याच्या नाही. छपाईला जाणारा कोड आपल्या डोमेनचाच हवा.

पत्ता बदलायलाच हवा का?

आपल्या विद्यापीठाचंच बघा. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. वेबसाइटचा पत्ता मात्र जुन्या आद्याक्षरांचाच राहिला, एनएमयू डॉट एसी डॉट इन. त्यामुळे यावल-फैजपूरच्या मुलांच्या जुन्या लिंकांना नावबदलाचा धक्का बसला नाही. नाव बदललं म्हणून पत्ता बदललाच पाहिजे असं नाही.

बदलणारच असाल, तर एवढं तपासा

- जुना पत्ता एकाच उडीत नव्यावर जातो ना? तीन-चार टप्पे नकोत. दोन पत्ते एकमेकांकडेच बोट दाखवत असतील, तर पान उघडणारच नाही.
- जुन्या डोमेनचं सुरक्षा प्रमाणपत्र चालू आहे ना? ते संपलं तर रिडायरेक्टच्या आधीच धोक्याची सूचना येते.
- डोमेन कंपनीचं "फॉरवर्डिंग" वापरत असाल, तर आतली पानं नीट जातात का?
- जुन्या बिलावरचा क्यूआर कोड दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरून स्कॅन करून बघा.

तुमच्या वेबसाइटचा असाच काही घोळ असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागांत घेऊ. भेटूया, राम राम!