शेतात उतरलेलं विमान

गोंदियाजवळ बिरसी विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर आज नवे वैमानिक घडतात. २६ एप्रिल २०१७ रोजी इथून निघालेलं शिकाऊ विमान वैनगंगा नदीवर ताणलेल्या तारेला धडकून पात्रात कोसळलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघेही गेले. १८ मार्च २०२३ला बिरसीहूनच उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, तेव्हाही दोघांचा जीव गेला.

बारामतीकडच्या अशाच काही घटनांत मात्र दैवानं साथ दिली. २५ जुलै २०२२ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकटीनं उडणारी प्रशिक्षणार्थी सेस्ना १५२ विमानासह शेतात उतरली. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. मदतीला आधी गावकरीच धावले. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं ती विमानं चालवणाऱ्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं.

विमान उतरवणं हे शिकणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड. जमिनीजवळ येताना वेग कमी करायचा, पण पंखांना उचल मिळेनाशी होईल इतका नाही. टेकण्याआधी नाक हलकेच वर घ्यायचं. घाई झाली तर विमान उसळतं, आणि नियंत्रणाचा दांडा घाबरून पुढे ढकलला तर नाकाखालचं चाक आधी आपटून मोडतं. उड्डाणानंतर लगेच इंजिनच बंद पडलं, तर उंची शिल्लक असेतो समोरचं मोकळं शेत निवडायचं. धावपट्टीकडे मागे वळण्याचा मोह त्या क्षणी जीवघेणा ठरतो, कारण कमी उंचीवरच्या तीव्र वळणात विमान सावरायला जागाच उरत नाही.

अपघाताचा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. २०१२ साली स्थापन झालेली ही संस्था महासंचालनालयापासून वेगळी ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं; नियम लावणाऱ्यानंच स्वतःच्या देखरेखीचा निवाडा करू नये. तपासाचा हेतू पुन्हा तसं घडू नये एवढाच, दोषी ठरवणं नव्हे. आंतरराष्ट्रीय करारानं हे बंधनच घातलं आहे.

लहान विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. मग भग्नावशेषच वाचावे लागतात. प्रोपेलरची पाती पिळवटलेली आणि आडव्या ओरखड्यांनी भरलेली असतील, तर आदळताना इंजिन जोर लावत होतं. एक पातं सरळ आणि दुसरं नुसतं मागे वाकलेलं असेल, तर इंजिन बंद असण्याची शक्यता मोठी. टाकी फुटूनही इंधनाचा वास नाही, आसपासचं गवत दोन-चार दिवसांनी करपलं नाही, तर टाकी आधीच रिकामी होती का हे तपासतात. इंधनाचे नमुने, देखभालीच्या वह्या, हवामानाच्या नोंदी हे सगळं त्यानंतर जुळवलं जातं.

म्हणून पहिला तास मोलाचा, आणि तो गावकऱ्यांच्या हाती असतो. माणसांना बाहेर काढायला आणि आग विझवायला जे हलवावं लागेल ते हलवावं. बाकी तुकडे जिथे पडले तिथेच राहू द्यावेत. आठवण म्हणून उचललेला छोटा भागही नेमकं उत्तर घेऊन जाऊ शकतो. इंजिनचा आवाज शेवटी कसा होता, हे सांगणारा शेतकरी तपासात साक्षीदार असतो.

तपासाचा अंतिम अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध होतो. बिरसी आणि बारामतीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींना त्याचा मराठी गोषवारा मिळायला हवा. निदान विमान पडल्यावर काय करावं आणि कशाला हात लावू नये, एवढं सांगणारं एक पान तरी.