बकासुराचा गाडा आणि किशोरांची दुःस्वप्नकथा

जबलपूरच्या अधारताल भागातील एका मराठी घरी अलीकडे एक वाद ऐकावयास मिळाला. किशोरवयीन नात सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत रमली होती. मुलांनी मुलांस मारण्याच्या कथेस वाङ्मय म्हणण्यास आजोबा तयार नव्हते. “हे बकासुराचेच आख्यान की, आजोबा!” असे ती म्हणाली. तिच्या या उत्तरात अशा दुःस्वप्नकथांची एक कसोटीच सापडते.

आदिपर्वातील एकचक्रा नगरीत प्रत्येक घरास पाळीने अन्नाचा गाडा, दोन रेडे आणि एक माणूस बकासुराकडे धाडावा लागे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत पानेम राज्याच्या १२ जिल्ह्यांतून दरवर्षी प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी रिंगणात उतरविली जातात. २४ जणांतून एकानेच जगावयाचे. कॉलिन्स यांनी स्वतः थीसिअसच्या ग्रीक कथेचे ऋण मान्य केले आहे. कल्पना जुनीच, नवी आहे ती तिच्यामागील व्यवस्थेची जाण. वर्षभराच्या थोड्या धान्यतेलासाठी येथील गरीब मूल आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी सोडतीत घालते. म्हणजे राक्षस रानात नाही, तो शिध्यातच बसला आहे.

भीमाने बकास मारताच एकचक्रेचे संकट संपते. २०१० च्या ‘मॉकिंगजे’ या अखेरच्या भागात मात्र जुनी सत्ता कोसळल्यावर बंडखोरांची नेती कॉइन पराभूतांच्या मुलांचाही असाच खेळ मांडण्याचा प्रस्ताव आणते. नायिका कॅटनिस मतदानात होकार देते आणि पुढे आपला बाण कॉइनवरच सोडते. राक्षस मेला तरी गाडा पुन्हा जुंपला जाऊ शकतो, हे सत्य किशोर वाचकास सांगण्याचे धैर्य या कादंबरीत आहे. तिची कीर्ती येथे सार्थ ठरते.

दोष नाहीत असे नव्हे. कॅटनिसच्या हातून घडणारे वध बहुधा स्वसंरक्षणाचे, सूडाचे किंवा दयेचे असल्यामुळे रिंगणातील नैतिक पेच तिच्यापुरता सौम्य होतो. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) तर एकेका गुणावरून समाजाचे पाच गट पाडले आहेत, आणि नायिका एका गटात मावत नाही हेच तिचे असामान्यत्व. परंतु एका गुणात मावणारा माणूस प्रत्यक्षात आहे कोठे? अशी कथा वाचकास व्यवस्थेतील त्याचा वाटा दाखवीत नाही. तू इतरांहून निराळा आहेस, असे सांगून त्यास केवळ सुखावते.

सारांश, या प्रकारास सरसकट गौरव किंवा सरसकट तिरस्कार, दोन्ही अप्रस्तुत होत. आजोबांचा आक्षेप हिंसेवर होता. पण हिंसा आपल्या महाकाव्यांतही थोडी नाही. प्रश्न असा विचारावा, की पुस्तक मिटल्यावर वाचक स्वतःस केवळ भीम समजतो, की मुकाट्याने गाडा भरणाऱ्या नगरजनांतही त्यास आपला चेहरा दिसतो? हा दुसरा अनुभव देणारी कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली असली, तरी प्रौढांनीही वाचावी अशा योग्यतेची असते.