प्रतिनिधित्व, रत्नागिरी जिल्ह्यातील ब्रिटिशकालीन

ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्याला स्थानिक संस्था व मुंबई प्रांताचे विधिमंडळ यांत टप्प्याटप्प्याने मिळालेले लोकनियुक्त प्रतिनिधित्व. जिल्ह्यातील जमीनधारणेत खोत हा सरकार व कूळ यांच्यामधील वंशपरंपरागत मध्यस्थ होता. त्यामुळे येथे लोकनियुक्त जागांच्या संख्येइतकेच मताधिकाराच्या अटींना महत्त्व होते.

१८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विधिपरिषदेत केवळ सरकारनियुक्त सभासद असत. खोत व कुळे यांचे हक्क ठरविणारा १८८० चा खोती कायदा याच परिषदेत संमत झाला. मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) यांनी तेथे खोतांची बाजू मांडली. कुळांचा प्रतिनिधी परिषदेत नव्हता.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिका व लोकल बोर्डे यांविषयीचे कायदे झाले. त्यांनी निवडणुकीचे तत्त्व व्यापक केले. मात्र जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडेच राहिले. १८९२ च्या कायद्यानुसार या स्थानिक संस्थांना विधिपरिषदेसाठी नावे सुचविण्याचा अधिकार मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले टिळक (१८९५) व गोखले (१८९९) याच मार्गाने परिषदेत गेले. परंतु दोघेही रत्नागिरीचे नव्हे, तर मध्य विभागाचे प्रतिनिधी होते.

प्रत्यक्ष निवडणूक १९१९ च्या कायद्याने आली. ग्रामीण मतदारासाठी सर्वसाधारणपणे ३२ रुपये साऱ्याची अट होती. रत्नागिरी, पंचमहाल व सिंधमधील अप्पर सिंध फ्रंटियर या जिल्ह्यांत ती १६ रुपये ठेवण्यात आली. तरीही डोंगरउतारावरील तुकड्यांवर राबणारी बहुतेक कुळे व भूमिहीन मजूर मतदारयादीबाहेरच राहिले. १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांचे स्वरूप अधिक लोकनियुक्त झाले.

१९३५ च्या कायद्याने मताधिकाराच्या अटी शिथिल झाल्या व अस्पृश्यांसाठी राखीव जागा निर्माण झाल्या. त्याचा परिणाम विधिमंडळाच्या कामकाजात लगेच दिसला. मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. विधेयक संमत झाले नाही. तथापि १८८० मध्ये ज्यांच्याविषयी बोलले गेले, ते आता स्वतःची मागणी घेऊन विधिमंडळाच्या दारी आले होते. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर (१८८८–१९५७) यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला.

१९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकार अंमलात आल्याने सारा व मत यांचा संबंध संपला. १ मे १९६२ रोजी लोकल बोर्डाची जागा जिल्हा परिषदेने घेतली.