फोन कुणाच्या नावावर?

नव्यानं आलेल्या माणसाला मोबाईल लागतो का, हा वाद आमच्याकडे २००० सालच्या हिवाळ्यात दर पंधरवड्याला रंगायचा. न्यू जर्सीतलं एडिसन. शनिवारी चार मराठी घरं कुणा एकाकडे जमायची, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा, आणि मसालेभात संपेपर्यंत पुरुषमंडळी मिनिटांचा हिशेब करायची. निकाल ठरलेला असे: लागत नाही. घरी फोन आहे, ऑफिसात फोन आहे, स्टेशनवर नाणं टाकायचा फोन आहे. मधल्या वेळात माणूस गाडीत असतो, आणि तेव्हा त्यानं मुकाट्यानं गाडी चालवावी.

हिशेब चुकीचा नव्हता. महिन्याला तीस-चाळीस डॉलर, त्यात मोजकी मिनिटं, आणि आलेला फोन उचलला तरी खर्च आपलाच. (याचं आम्हाला नवल नव्हतं. भारतातही २००३ च्या मे महिन्यापर्यंत मोबाईलवर आलेल्या फोनचे पैसे पडत.) वर वर्षभराचा करार. शिवाय नव्या माणसाला 'क्रेडिट हिस्टरी' नसते. आपण कुणाचे पैसे बुडवत नाही हे दाखवायला आधी कुणाचं तरी देणं करून फेडलेलं असावं लागतं, आणि तसं नसलं की कंपनी घसघशीत डिपॉझिट मागे. तेवढ्यात एकाचं येण्याजाण्याचं नाही तरी निम्मं तिकीट निघेल, असं कुणीतरी म्हणायचं आणि विषय संपायचा.

त्यातून मुख्य गरज होती ती घरी बोलायची, आणि त्या कामाला मोबाईल निरुपयोगी. घरचा फोन कार्डावरून व्हायचा. ओक ट्री रोडवरच्या प्रत्येक किराणा दुकानात गल्ल्यामागे रंगीबेरंगी कार्डांच्या माळा लटकत. पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, मागची चंदेरी पट्टी नाण्यानं खरवडायची, टोल फ्री नंबर लावायचा, मग तो लांबलचक गुप्त आकडा, मग शून्य-एक-एक, एक्क्याण्णव, आणि साताऱ्याचा २१६२. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सगळं जमलं की एक गोड बाई सांगायची, तुमच्याकडे बावीस मिनिटं आहेत. चौदाव्या मिनिटाला आईचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. फोन जोडल्याचा आकार वेगळा, मिनिटं तीन-तीनच्या गठ्ठ्यांत मोजायची, आणि कार्ड नुसतं पाकिटात पडून राहिलं तरी दर आठवड्याला त्यातून काही कापायचं, हे सगळं मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे. सार्वजनिक फोनवरून लावलं तर आणखी भुर्दंड. मोबाईलवरून लावलं तर कार्डाचीही मिनिटं जायची आणि मोबाईलचीही.

दुकानात दरांचा फळा असायचा. मुंबई एक दर, दिल्ली एक, चेन्नई, हैदराबाद, गुजरात, पंजाब. सातारा कुठे? शेवटच्या ओळीत: 'रेस्ट ऑफ इंडिया'. मुंबईपेक्षा महाग. ओळीत उभी राहून मी ते वाचायची आणि मनात म्हणायची, छत्रपतींची राजधानी होती हो ही, उरलेला भारत काय!

सातारकरांनी इकडे फोन करायचा तर मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडत. परदेशी फोनची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती, ती २००२ च्या मार्चअखेर संपली. लहानपणी पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना नारायणगावच्या अलीकडेपलीकडे एस.टी.च्या खिडकीतून आर्वीच्या उपग्रह केंद्राची थाळी दिसायची. बाबा दर वेळी न चुकता सांगायचे, परदेशचा फोन इथून जातो. परदेशात राहणारं आमचं तेव्हा कुणीच नव्हतं. पुढे आमच्याच घरी अमेरिकेचा फोन येऊ लागला, तेव्हा ते घड्याळ समोर ठेवून बोलायचे आणि ख्यालीखुशालीतच मिनिटं संपवायचे. नुसतं 'पोचलो' सांगायचं तर दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचा. त्याला पैसे नव्हते.

म्हणजे मोबाईलचा विचार आम्ही सगळे सातारा-पुणे-डोंबिवली डोळ्यांपुढे ठेवून करत होतो. ज्या गावात राहत होतो त्या गावाचा विचार त्या हिशेबात कुठे आलाच नाही. तो आला असता, तर हिशेब करणारी माणसंही बदलावी लागली असती. कारण दिवसभर त्या गावात आम्ही बायका होतो.

मी एच-फोर व्हिसावर आले होते, म्हणजे एच-वनवाल्याची बायको. काम करायचं नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नाही म्हणून माझ्या नावावर वीज नाही, फोन नाही. गाडी एक, ती नवरा मेट्रोपार्क स्टेशनवर लावून न्यूयॉर्कच्या गाडीनं ऑफिसला जायचा. मी पायी. ज्याच्या टेबलावर ऑफिसचा फोन, ज्याच्याजवळ गाडी, त्याला मोबाईल लागतो का यावर चर्चा. जिच्याजवळ यातलं काहीच नाही, तिला लागतो का हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. मी तेव्हा मसालेभाताला फोडणी देत होते.

आमचं दळणवळण चालायचं ते आन्सरिंग मशीनवर. मी लायब्ररीत किंवा दुकानात अडकले, की पंचवीस-पस्तीस सेंट टाकून माझ्याच रिकाम्या घरी फोन लावायचा. चौथ्या रिंगला मशीन सुरू व्हायचं, त्यावर नवऱ्याचा इंग्रजी बोलायचा आवाज, मग शिट्टी, आणि मग मी माझ्याच स्वयंपाकघराला मराठीत सांगायची: "मी लायब्ररीपाशी आहे, सहाला इथूनच घे." तो ऑफिसातून निघण्याआधी घरचा नंबर लावायचा, दोन आकडी कोड दाबायचा आणि ऐकायचा. बदल असेल तर पुन्हा मशीनवरच उलटा निरोप ठेवायचा, तो मी दुसरं नाणं टाकून ऐकायची. दोघंही बाहेर, आणि बोलणं रिकाम्या घरात.

२००१ च्या जानेवारीत एकदा तो निरोप ऐकून निघाला आणि वाटेत त्याची गाडी तासभर थांबली. मी लायब्ररीच्या दारात. लायब्ररी सहाला बंद झाली. फोन होता तो आतल्या भिंतीवर. बर्फ भुरभुरत होतं, हातात दुधाचा गॅलन आणि खांद्याला पिशवी. शेवटची दिवे मालवून निघालेली बाई माझ्याकडे पाहून थबकली आणि म्हणाली, गाडीत बस. ती पाऊण तास माझ्यासोबत हीटर लावून थांबली. तिला घरी उशीर होत होता, आणि ते सांगायला तिच्याकडेही मोबाईल नव्हता.

हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी मला एक जाडजूड नोकिया आणून दिला. मुलाचा जुना. त्यात कनेक्शन नव्हतं. "राहू दे पर्समध्ये," त्या म्हणाल्या, "९११ लागतो ह्यावरून. बाकी काही लागत नाही." ते खरं होतं. अमेरिकेत नियमच आहे, कुठल्याच कंपनीचं कनेक्शन नसलेल्या मोबाईलवरूनही ९११ जोडून द्यावा लागतो. मात्र त्या फोनला स्वतःचा नंबर नसतो, त्यामुळे मध्येच तुटला तर पलीकडून परत फोन येत नाही. दोन वर्षं मी तो दर रविवारी चार्ज करून पर्समध्ये बाळगला. माझा पहिला मोबाईल तो. त्यावरून मी कुणाशीही एक शब्द बोलले नाही.

११ सप्टेंबरचा मंगळवार इथल्या प्रत्येकाच्या घरी वेगळा आहे, मी आमच्यापुरतं सांगते. नवरा मॅनहॅटनच्या मध्यभागी होता. ज्यांच्याजवळ मोबाईल होते त्यांचेही लागत नव्हते. सकाळपासून आमची लाईन मोकळी राहावी म्हणून मी साताऱ्याहून आलेले दोन फोन "तो ठीक असेल, ठेवते" एवढंच बोलून आपटले. आई ते वाक्य अजून बोलून दाखवते. तो फेरीबोटीनं हडसन ओलांडून होबोकेनला आला आणि संध्याकाळी तिथल्या नाण्याच्या फोनवरून बोलला, मागे रांग आहे म्हणाला, तेवढंच. पुढच्या महिन्यात आम्ही मोबाईल घेतला. त्या दिवशी जगातला कुठलाही मोबाईल कामाला आला नसता हे माहीत असून घेतला. घेतला तो त्याच्यासाठी.

माझी पाळी २००३ अखेर आली, तीही सोयीनं. त्या २४ नोव्हेंबरपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा मिळाली. आम्ही बदलली, तेव्हा नव्या कंपनीच्या फॅमिली प्लॅनमध्ये दहा डॉलरला दुसरी लाईन मिळत होती. दुकानातल्या पोरानं अर्ज भरताना माझा सोशल सिक्युरिटी नंबर विचारला. नाही म्हटल्यावर खोडून नवऱ्याचा घातला, आणि मी कागदोपत्री झाले 'लाईन दोन'. रात्री नऊनंतर आणि शनिवार-रविवार बोलणं फुकट होतं, म्हणून एडिसनमधल्या यच्चयावत मराठी बायकांच्या गप्पा नऊला सुरू व्हायच्या. नऊला पाच कमी असताना फोन आला तर उचलायचा नाही, हा शिष्टाचार होता.

एकदा बिलात माझ्या लाईनवर भलताच आकार लागला म्हणून मी कंपनीला फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर माणूस आला. खातं कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. मग त्यांना द्या. ते ऑफिसात आहेत. मग आम्ही बोलू शकत नाही. अहो, पण फोन माझा आहे, मी त्याच फोनवरून बोलतेय! त्यांनी अतिशय आदरानं फोन ठेवला. पुढची काही वर्षं असा फोन करायचा झाला की मी आवाज जरा खाली आणून नवऱ्याचं नाव सांगायची. त्याचं नाव त्यांना बाईचं की पुरुषाचं ते कळायचं नाही, त्यामुळे निभावलं.

मधली वर्षं भराभर गेली. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, तेव्हा इथे दोन मोबाईल, एक लँडलाईन आणि कार्डांची थप्पी असूनही गोरेगावची नणंद दीड दिवस लागली नाही. तिकडचे मोबाईलच गप्प झाले होते. मग स्काईप आलं, त्यात आईचं तोंड आधी हलायचं आणि शब्द मागून यायचे. २००९ मध्ये व्हॉनेजनं महिन्याच्या ठरावीक पैशांत भारतात हवं तेवढं बोलायची सोय काढली, आणि ओक ट्री रोडवरच्या कार्डांच्या माळा विरळ होत गेल्या. सातारा मुंबईच्या भावात आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाहता येऊ लागलं. आईनं फोन घेतला, आणि बोलण्याची जातच बदलली. कार्डाच्या काळात ती एका दमात सगळं सांगून "ठेवते गं" म्हणायची. आता म्हणते, "थांब हं, जरा मेथी घेते," आणि मी एडिसनमध्ये चहा ढवळत साताऱ्याच्या भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस ऐकत राहते. पाच-पाच मिनिटं आम्ही दोघी काहीच बोलत नाही. हे आम्हाला कार्डावर कधी परवडलं नसतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बहिणीची मुलगी एम.एस.ला आली. नेवार्कला विमान टेकलं तेव्हा तिच्या फोनात इथला नंबर आधीच जिवंत होता. साताऱ्यात बसून घेतलेला, ई-सिम, आगाऊ पैशांचा, सोशल सिक्युरिटी नंबर न मागता. विद्यापीठाच्या संगणकात शिरायचं तर फोनवर 'हो' म्हणावं लागतं, बँक खातं फोनवर येणाऱ्या आकड्याशिवाय उघडत नाही, वसतिगृहातलं कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा फोनशिवाय फिरत नाही. आमच्या शनिवारच्या वादाची गोष्ट मी तिला सांगितली, तर तिला प्रश्नच कळला नाही. "मोबाईल नाही म्हणजे, मावशी, कपडे कसे धुवायचे?"

पण ती अडली दुसऱ्याच नंबरवर. तिचं साताऱ्यातलं बँक खातं अजून भारतातल्या नंबरवर ओटीपी पाठवतं. म्हणून ते कार्ड जिवंत ठेवायला मेहुणे तिकडून नेमानं रिचार्ज मारतात. एकदा विसरले, नेमकं फी भरायच्या आठवड्यात. नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यावा म्हणून तिनं चौकशी केली तेव्हा कळलं, कार्ड अकरावीत असताना घेतलेलं, अठरा पूर्ण नव्हती, म्हणून बाबांच्या नावावर. बदलायचं तर ओळखपत्रं घेऊन दुकानात जायचं, म्हणजे साताऱ्याला.

"तुझा नंबर कुणाच्या नावावर आहे गं?" तिनं मला सहज विचारलं.

मला वाटलं, माझ्याच. ग्रीन कार्ड येऊन वर्षं लोटली, सोशल सिक्युरिटी नंबर आहे, नोकरी आहे, घराच्या कर्जावर सही आहे. बिल काढून पाहिलं. लाईन दोन.

त्याच संध्याकाळी साडेपाचला मी कंपनीला फोन लावला. मुलगी छान बोलली. नंबर नावावर करून घेणं अगदी सोपं आहे, म्हणाली, मूळ खातेदाराच्या फोनवर सहा आकड्यांचा कोड पाठवते, तो वाचून दाखवा. नवरा सासूबाईंच्या आजारपणासाठी पुण्यात. तिकडे पहाटेचे तीन. त्याचा इथला फोन तो घरीच ठेवून गेला होता, स्वयंपाकघरातल्या खणात, काकूंच्या नोकियाशेजारी. बॅटरी संपलेली. मी म्हटलं, एक मिनिट हं, आणि चार्जर शोधायला उठले.